प्रकल्प नोंदी : सायबर हल्ल्यातही रुग्णसेवा चालू ठेवण्याची तयारी (जून ते नोव्हेंबर २०२५)

९ जून २०२५, सोमवार

रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत प्रकल्पाला मंजुरी मिळाली. ठरावाच्या कच्च्या मसुद्यात रॅन्समवेअरपासून (माहितीला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) संपूर्ण संरक्षण हे उद्दिष्ट लिहिले होते. चर्चेनंतर ते बदलण्यात आले आणि हल्ला झाला तरी उपचार चालू राहावेत व रुग्णांची माहिती ठरलेल्या मुदतीत पुन्हा उभी राहावी, असे स्वच्छ शब्दांत नोंदवले गेले. संपूर्ण संरक्षणाची हमी कोणताही पुरवठादार प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. चालू राहण्याची तयारी मात्र आपल्या हातात आहे आणि ती तपासूनही पाहता येते.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या हल्ल्याचा तपशील विश्वस्तांपुढे मांडला. तेथे पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती एन्क्रिप्ट झाली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी झाली, आणि जवळजवळ दोन आठवडे नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे हाताने करावी लागली. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात नेटवर्कची योग्य विभागणी नसणे हे कारण सांगितले गेले, आणि ई-हॉस्पिटल या रुग्णालय प्रणालीची माहिती बाधित न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाल्याचेही नमूद झाले. आमच्या आराखड्यातील दोन मोठी कलमे, म्हणजे नेटवर्कची विभागणी आणि हल्लेखोराच्या हाती न लागणारा बॅकअप, या उत्तरातूनच आली आहेत. तिसरे कलम आम्ही स्वतः घातले आहे : रात्री दोन वाजता संशयास्पद काही दिसले तर कोणी, कोणाला न विचारता, काय करायचे.

१७ जून २०२५, मंगळवार

नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राची प्रत्यक्ष फिरून नोंद घेतली. यादीत अपेक्षेपेक्षा बरेच काही निघाले. पॅथॉलॉजी लॅबमधील दोन ॲनालायझरचे (नमुने तपासणाऱ्या यंत्रांचे) संगणक विंडोज ७ वर चालतात, ज्याचा नियमित आधार (सुरक्षा अद्यतने) मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवला. यंत्राचा उत्पादक सांगतो की प्रणाली बदलली तर यंत्राची हमी राहणार नाही, त्यामुळे हे संगणक आहेत तसेच ठेवून त्यांच्याभोवती कुंपण घालणे हाच मार्ग उरतो. सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, ओपीडीतील टोकनचा फलक आणि आयसीयूतील मॉनिटर हे सगळे एकाच सपाट, म्हणजे आत कोणतीही विभागणी नसलेल्या, नेटवर्कवर आहेत.

बाहेरून दुरुस्तीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञांनी वेळोवेळी बसवलेली एनीडेस्कसारखी दूरनियंत्रणाची सॉफ्टवेअर अनेक संगणकांवर तशीच राहिलेली आढळली. ती आजच काढून टाकली. यापुढे पुरवठादाराला दूरून प्रवेश हवा असेल तर आयटी विभागाने त्या कामापुरते दार उघडावे, काम संपताच बंद करावे आणि दोन्ही वेळा नोंदवहीत लिहाव्यात, असे परिपत्रक काढले.

२६ जून २०२५, गुरुवार

आजची बैठक प्रकल्पातील आतापर्यंतची सर्वांत महत्त्वाची होती. सगळे बंद पडले तर आधी काय उभे करायचे, हा क्रम ठरवायचा होता. प्रत्येक विभागप्रमुखाला एकच प्रश्न विचारला : तुमचे काम संगणकाविना किती वेळ चालेल आणि त्यानंतर नेमके काय अडेल?

बिलिंग विभागाने आपले काम तासभरही थांबू शकत नाही असे सांगितले, कारण डिस्चार्ज अडतात, ॲडव्हान्सचा हिशेब लागत नाही आणि काउंटरवर नातेवाइकांची गर्दी वाढते. त्यावर मेट्रन म्हणाल्या, "बिल चार दिवस उशिरा झालं तरी पेशंट घरी जाईल. संध्याकाळी इन्सुलिन किती दिलं हे रात्रीच्या सिस्टरला कळलं नाही, तर तो घरी जाईलच असं नाही." यानंतर चर्चेचा रोख पूर्णपणे बदलला. पैशाचे काम लांबले तर तोटा होतो आणि तो मोजता येतो. औषधोपचाराची सलगता तुटली तर जे नुकसान होईल ते भरून काढता येत नाही, हे सर्वांनी मान्य केले.

ठरलेला क्रम असा. सर्वांत आधी लॉगिनची व्यवस्था सांभाळणारा सर्व्हर, कारण त्याविना दुसरे काहीच सुरू होत नाही. मग लॅब आणि रक्तपेढी, त्यानंतर औषधांचा साठा व वॉर्डातील औषधतक्ते, नंतर जुने केसपेपर आणि शेवटी बिलिंग व हिशेब. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमांचा सर्व्हर प्रचंड आकाराचा असल्यामुळे तो परत यायला वेळ लागेल. तोवर रेडिओलॉजिस्टनी यंत्राच्या कन्सोलवरच प्रतिमा पाहून हाताने अहवाल लिहावा, असे रेडिओलॉजी विभागाने स्वतःहून सुचवले.

एक मुद्दा आरोग्यमित्रांनी लक्षात आणून दिला, जो आमच्यापैकी कोणाच्याही यादीत नव्हता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील पूर्वमंजुरीचे अर्ज संकेतस्थळावरून जातात, आणि आमचे नेटवर्क बंद राहिले तर गरीब रुग्णाची शस्त्रक्रिया केवळ त्या कारणाने लांबणीवर पडू शकते. यासाठी रुग्णालयाच्या नेटवर्कला कधीही न जोडलेला एक लॅपटॉप, स्वतंत्र डोंगल आणि स्कॅनर मदत कक्षात कुलूपबंद ठेवण्याचे ठरले.

८ जुलै २०२५, मंगळवार

बॅकअपची पाहणी पूर्ण केली. रोजचा बॅकअप नियमाने होतो, पण तो ज्या नॅसवर (नेटवर्कवरील साठवणुकीच्या यंत्रावर) जातो ते यंत्र त्याच डोमेनला (संगणकांच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेला) जोडलेले आहे आणि सर्व्हर चालवणाऱ्या प्रशासकाच्याच खात्याने ते उघडता येते. आजकालचे रॅन्समवेअर टोळीचे काम असते. हल्लेखोर आत शिरल्यावर लगेच फायली एन्क्रिप्ट करत नाहीत. आधी प्रशासकाचे खाते मिळवतात, मग विंडोजच्या शॅडो प्रती (विंडोज स्वतः ठेवते त्या फायलींच्या जुन्या प्रती) आणि बॅकअप पुसतात आणि सर्वांत शेवटी कुलूप लावतात. म्हणजे आमच्या रचनेत मूळ माहिती आणि तिची प्रत एकाच चावीने उघडतात, आणि हल्लेखोर शोधत असतो तीच चावी.

नवी रचना ठरवली. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत इमारतीबाहेर, हा जुना नियम पायाशी ठेवला. त्यात दोन गोष्टी वाढवल्या. बाहेरची प्रत भारतातील क्लाउडवर अशा रीतीने ठेवायची की ठरावीक मुदत संपेपर्यंत ती कोणालाही, खुद्द प्रशासकालाही, पुसता किंवा बदलता येणार नाही. आणि दर आठवड्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन डिस्क सोडवून तिजोरीत ठेवायची, जेणेकरून ती कोणत्याही तारेला जोडलेली राहणार नाही.

तारेपासून तुटलेल्या प्रतीचे महत्त्व विश्वस्तांना पटवताना मर्स्क कंपनीचे उदाहरण उपयोगी पडले. जून २०१७ मधील नॉटपेट्या हल्ल्यात या जहाज कंपनीचे जगभरातील डोमेन कंट्रोलर (लॉगिनची व्यवस्था सांभाळणारे सर्व्हर) एकापाठोपाठ पुसले गेले. घानातील कार्यालयात त्या वेळी वीज गेलेली असल्यामुळे तेथील एक सर्व्हर नेटवर्कबाहेर होता. तेवढा वाचला आणि त्यावरून कंपनीची सगळी व्यवस्था पुन्हा उभी राहिली. त्याच हल्ल्यात मर्स्क समूहाकडे असलेले न्हावाशेवा येथील जेएनपीटीमधील टर्मिनलही ठप्प झाले होते, हे ऐकल्यावर परदेशातील गोष्ट म्हणून बाजूला ठेवण्याचा सूर राहिला नाही. मर्स्कला जे योगायोगाने मिळाले ते आपण तिजोरीच्या किल्लीने मिळवावे, एवढीच ही मागणी आहे. डिस्क आणि क्लाउडच्या खर्चाला मंजुरी मिळाली.

२२ जुलै २०२५, मंगळवार

वेगळ्या खोलीत, नेटवर्कला न जोडलेल्या सर्व्हरवर, रुग्णालयाच्या मुख्य प्रणालीचा बॅकअप पहिल्यांदाच मोकळा करून पाहिला. डेटाबेस पूर्ण आणि सुस्थितीत परत आला, पण प्रणाली सुरू झाली नाही. परवान्याची चावी जुन्या सर्व्हरच्या यंत्रक्रमांकाला बांधलेली होती, आणि नव्या यंत्रासाठी चावी देण्याचे काम पुरवठादाराकडील एकाच अभियंत्याकडे होते. तो प्रवासात असल्यामुळे संध्याकाळपर्यंत थांबावे लागले. प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी, माहिती हातात असूनही, एका परवान्यासाठी लॅब बंद राहिली असती.

पुरवठादाराशी झालेल्या चर्चेनंतर आपत्कालीन परवान्याची चावी बंद पाकिटात रुग्णालयाकडे ठेवण्याचे त्यांनी मान्य केले असून, वार्षिक देखभाल कराराच्या पुढील नूतनीकरणात तशी अट लिहिली जाईल. त्याचबरोबर प्रणाली बसवण्याची मूळ फाइल, डेटाबेसची नेमकी आवृत्ती, प्रिंटर व बारकोड यंत्रांच्या मांडणीची माहिती असे सगळे बॅकअपसोबत ठेवायला घेतले आहे. माझे स्पष्ट मत असे की, बॅकअप यशस्वी झाल्याचा रोजचा ईमेल यापुढे अहवालात पुरावा म्हणून स्वीकारू नये. रिकाम्या यंत्रावर उभी राहिलेली प्रणाली आणि ती उभी राहायला लागलेला वेळ, एवढेच नोंदवावे.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

नेटवर्कची विभागणी झाली. लॅबची यंत्रे, रेडिओलॉजी, कार्यालय, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचे वाय-फाय आता वेगवेगळ्या भागांत आहेत, आणि एका भागातून दुसऱ्यात जाण्याचा प्रत्येक रस्ता फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरील ये-जा तपासणाऱ्या यंत्रणेत) लिहून दिल्याशिवाय उघडत नाही. विंडोज ७ च्या ॲनालायझरना फक्त लॅबच्या सर्व्हरशी बोलता येते. इंटरनेट पूर्ण बंद. प्रशासकांची रोजच्या वापराची आणि अधिकाराची खाती वेगळी केली असून, अधिकाराच्या खात्याला व व्हीपीएनला (बाहेरून नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित मार्गाला) दुहेरी पडताळणी सक्तीची केली आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद पाडणाऱ्यांना अशी पडताळणी नसलेले एक जुने व्हीपीएन खाते पुरले होते.

१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

गणेशोत्सव पुढच्या आठवड्यात सुरू होत आहे आणि त्या दिवसांत आयटी विभागात एकच माणूस पाळीवर असेल. हल्लेखोरांना सुट्ट्या आणि शनिवार-रविवार सोयीचे असतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआय आणि सीसा या तपास व सायबर सुरक्षा यंत्रणांनी ऑगस्ट २०२१ मध्येच दिलेला आहे. म्हणून अधिकाराचा प्रश्न उत्सवाआधी मार्गी लावण्याचा आग्रह धरला होता, आणि आज वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने आदेश निघाला.

या आदेशामागे आयर्लंडच्या आरोग्यसेवेचा अनुभव आहे. तेथे १४ मे २०२१ रोजी हल्ला उघड झाला, पण पहिला संगणक १८ मार्चला, एका एक्सेल फाइलमधून, बाधित झाला होता. मधल्या आठवड्यांत धोक्याच्या सूचना दिसत होत्या, तरी त्यांवर पुरेशी कारवाई झाली नाही. त्याच सुमारास तेथील आरोग्य खात्याने मात्र आपल्यावरील प्रयत्न ओळखून वेळीच थोपवला. सूचना दोन्हीकडे होती. ती पाहणाऱ्याला काही करण्याची मुभा होती का, यावर पुढचे सगळे अवलंबून असते, असे मला वाटते.

आमच्याकडे आजवरची रीत अशी की रात्रीचा तंत्रज्ञ विभागप्रमुखांना फोन करतो, ते अधीक्षकांना करतात, अधीक्षक एखाद्या विश्वस्तांना विचारतात. रुग्णालयाचे नेटवर्क तोडणे हा मोठा निर्णय असल्यामुळे कोणालाही तो एकट्याने घ्यावासा वाटत नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. आदेशाने ही साखळी उलट केली आहे. फायलींची नावे आपोआप बदलताना दिसणे, अँटिव्हायरस एकाच वेळी अनेक यंत्रांवर बंद पडणे, किंवा अनोळखी प्रशासक खाते तयार होणे, या तीनपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी पाळीवरच्या तंत्रज्ञाने मुख्य स्विचवरील लाल पट्टी लावलेल्या तारा आधी काढायच्या आणि मग फोन करायचा. संगणक बंद करायचे नाहीत, कारण मेमरीतील पुरावा वीज जाताच नाहीसा होतो. फक्त नेटवर्क तोडायचे. आदेशाच्या शेवटी असे वाक्य आहे की, "सद्हेतूने केलेली ही कृती पुढे अनावश्यक ठरली तरी संबंधित कर्मचाऱ्यास कोणत्याही प्रकारे जबाबदार धरले जाणार नाही." हे वाक्य ठेवण्याबाबत एका विश्वस्तांचा आक्षेप होता. अधीक्षक त्यावर ठाम राहिल्या, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या आदेशाचा जोर याच वाक्यात आहे.

आदेशाची प्रत सर्व्हर रूमच्या दारावर आतून चिकटवली आहे.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

कागदावरील कामकाजाचा पहिला सराव आज ओपीडी बंद असताना, दोन वॉर्ड, लॅब आणि औषध विभाग यांत झाला. सकाळच्या पाळीच्या सुरुवातीला संगणक बंद झाल्याचे जाहीर केले आणि दुपारची पाळी येईपर्यंत सर्वांनी कागदावर काम केले. खरी प्रणाली पार्श्वभूमीला चालू होती आणि निरीक्षक हजर होते, त्यामुळे रुग्णांना धोका नव्हता.

वॉर्डातील काम अपेक्षेपेक्षा नीट चालले. दर पाळीच्या आधी, म्हणजे सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या सुमारास, प्रत्येक वॉर्डची खाटवार यादी आपोआप छापली जाण्याची व्यवस्था ऑगस्टमध्ये केली होती. तीत रुग्णाचे नाव, ॲलर्जी, चालू औषधे आणि शेवटचा डोस असतो. मेट्रननी आग्रहाने मागितलेली हीच यादी आज सर्वाधिक उपयोगी पडली. पाळी बदलल्यावर जुन्या याद्या फाडयंत्रात जातात, कारण ती खासगी माहिती आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची जबाबदारी आपल्यावर येणार आहे. वयस्क सिस्टरना हाताने औषधतक्ता आखण्याची सवय आहे. तरुण सिस्टरनी तो आज पहिल्यांदाच आखला, आणि एका ज्येष्ठ सिस्टरनी कोणी न सांगता त्यांना शेजारी बसवून शिकवले.

अडचण लॅबमध्ये आली. बारकोड नसल्यामुळे नमुन्याच्या बाटल्यांवर नावे हाताने लिहिली जात होती. पुरुष वॉर्डात त्या दिवशी एकाच नावाचे आणि एकाच पाटील आडनावाचे दोन रुग्ण होते, एकाच वयाच्या आसपासचे. दोन्ही बाटल्यांवर नाव, आडनाव आणि वॉर्ड एवढेच होते. लॅबमधील तंत्रज्ञाने बाटल्या हातात घेतल्या, वडिलांचे नाव आणि खाट क्रमांक नाही हे पाहून काम थांबवले आणि नमुने परत वॉर्डात पाठवून नव्याने घ्यायला लावले. एकाचे क्रिएटिनिन दुसऱ्याच्या कागदावर गेले असते तर त्याच्या मूत्रपिंडाचा उपचार चुकला असता. या एका प्रसंगानेच सरावाचे सार्थक झाले, असे मी अहवालात लिहिले आहे.

लगेच दुरुस्ती केली. बंदकाळातील केसपेपरसाठी क्रमांकांची एक मालिका मुख्य प्रणालीत राखून ठेवली आहे, जेणेकरून नंतर संगणकात भरताना जुन्या क्रमांकांशी घोळ होणार नाही. त्या क्रमांकांची चिकटपट्टीची लेबले छापून प्रत्येक वॉर्डातील लाल खोक्यात ठेवली. प्रत्येक केसपेपरसोबत एकाच क्रमांकाच्या लेबलांची पट्टी असते. एक कागदावर, बाकीची बाटल्यांवर. लेबल नसलेला नमुना लॅबने घ्यायचा नाही.

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

कळवण्याची कार्यपद्धती ठरली. सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवायच्या आहेत. आमच्या फायरवॉलच्या नोंदी काही दिवसांतच पुसल्या जात होत्या. त्यांसाठी स्वतंत्र साठा केला. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच अधिकृत वेळेला जुळवली, कारण घटनाक्रम लावताना काही मिनिटांचा फरकही तपास भरकटवतो.

संपर्कयादी कागदावर छापून अधीक्षकांचे कार्यालय, कॅज्युअल्टी आणि सुरक्षा चौकी येथे ठेवली आहे. आयर्लंडमध्ये सर्व यंत्रणा बंद केल्यावर ईमेल आणि नेटवर्कवरील दूरध्वनी दोन्ही गेले होते, हे ध्यानात घेऊन सायबर पोलीस, विमा कंपनी, पुरवठादार आणि विभागप्रमुख यांचे मोबाइल क्रमांक त्यात आहेत.

खंडणीबाबतचा ठराव एकमताने झाला : पैसे द्यायचे नाहीत, आणि विश्वस्त मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही हल्लेखोरांशी संपर्क साधायचा नाही. एका विश्वस्तांनी रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असेल तर काय, असे विचारले. हा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला टाळाटाळीने उत्तर देणे योग्य झाले नसते. आयर्लंडला हल्लेखोरांनी २० मे रोजी माहिती उघडण्याची किल्ली फुकट दिली होती, तरीही सर्व सर्व्हर मोकळे व्हायला २१ सप्टेंबर उजाडला. किल्ली मिळाली तरी त्या रात्रीच्या रुग्णाला तिचा उपयोग होत नाही. त्याला वाचवणारा कागद, लेबल आणि तयार माणूस आधीच वॉर्डात असावा लागतो, असे मी सांगितले.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

विंडोज १० चा नियमित आधार आज संपला. कार्यालय आणि ओपीडीतील संगणक विंडोज ११ वर नेले आहेत. जुन्या यंत्रांपैकी जी नेता आली नाहीत ती नेटवर्कमधून काढली. दिवाळीच्या आठवड्याचे पाळीपत्रक तपासले. प्रत्येक रात्री आदेश वाचलेला आणि सही केलेला तंत्रज्ञ हजर आहे.

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

दुसरी पुनर्स्थापना चाचणी झाली. या वेळी मूळ सर्व्हरला हातही न लावता, तिजोरीतील डिस्क, बंद पाकिटातील परवाना आणि छापील कार्यपुस्तिका एवढ्यावरच काम करायचे होते. ज्याने रचना उभी केली त्या अभियंत्याला मुद्दाम बाजूला ठेवून काम दोन कनिष्ठ तंत्रज्ञांकडे दिले. लॉगिन सर्व्हर आणि लॅब दुपारपर्यंत उभी राहिली, औषध विभाग संध्याकाळी. कार्यपुस्तिकेत बारकोड प्रिंटरची मांडणी सांगणारे पान अपुरे निघाले. ते आजच त्या दोन तंत्रज्ञांकडूनच लिहून घेतले. रेडिओलॉजीच्या प्रतिमा ठरलेल्या मुदतीत परत आल्या नाहीत. त्यांसाठी अलीकडच्या महिन्यांच्या प्रतिमा आधी आणि जुन्या नंतर आणता येतील अशी विभागणी हवी, आणि त्यासाठी साठवणुकीच्या वेगवान यंत्राचा प्रस्ताव पुढील अंदाजपत्रकात ठेवला आहे.

राहिलेली कामे तीन. विंडोज ७ च्या ॲनालायझरबद्दल उत्पादकाला पाठवलेल्या पत्राचे लेखी उत्तर आलेले नाही. यंत्रे बदलण्याच्या पुढील निविदेत सुरक्षा अद्यतनांची मुदत लिहून मागण्याचे लॅबप्रमुखांनी मान्य केले आहे. रक्तपेढीचा कागदी सराव अजून झालेला नाही. आणि पुढचा सराव रात्रपाळीत, कॅज्युअल्टीसह, कोणालाही तारीख न सांगता घ्यावा, अशी मेट्रनची सूचना आहे. तिला अधीक्षकांची मंजुरी आज मिळाली.